सारख्या उंचीचे दोन आलेख

मित्रांनो, मी एक जुना उभा अक्ष आहे. आलेखाच्या डाव्या कडेला जी सरळ रेघ उभी असते आणि जिच्या अंगावर खालून वर आकडे लिहिलेले असतात, ती मी. तुम्ही वहीत आलेख काढता तेव्हा मला सगळ्यात आधी काढता आणि सगळ्यात आधी विसरता. तुमची नजर पळते ती आतल्या वळणदार रेघेकडे. ती चढते की उतरते एवढं बघून तुम्ही पान उलटता. माझ्या अंगावरचे आकडे वाचायला कोणी थांबत नाही. गिरीज गावातही कोणी थांबलं नाही, आणि तिथली एक विहीर गेली. तिची हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म २००६ च्या पावसाळ्यानंतर, गिरीजच्या क्रूसआळीत, रोनाल्ड नावाच्या तरुणाच्या संगणकात झाला. रोनाल्ड अंधेरीच्या एका कंपनीत कामाला होता. सुटीच्या दिवशी तो घरी बसून पायथन नावाची संगणकाची भाषा शिकत असे. त्या भाषेत आलेख काढायचे तर तयार आज्ञांची एक पेटी मिळते. तिचं नाव मॅटप्लॉटलिब. फोनच्या तारेवरून ती पेटी उतरवून घ्यायला त्याची आख्खी संध्याकाळ गेली होती.

या पेटीला सगळं सांगावं लागतं. उभा अक्ष कुठल्या आकड्यापासून सुरू करायचा, कुठल्या आकड्यावर थांबवायचा, मध्ये किती अंतराने आकडे लिहायचे, मागे जाळीच्या फिक्या रेघा आखायच्या की नाही. काहीच सांगितलं नाही तर पेटी स्वतः ठरवते. आलेखातला सगळ्यात लहान आकडा ती माझ्या पायाशी ठेवते, सगळ्यात मोठा डोक्याशी, आणि तेवढ्यात मला ताणून बसवते. माणसं याला सोय म्हणतात.

आता विहिरींबद्दल. गिरीजला केळीच्या वाड्या आहेत, नारळ आहेत, भाजीचे वाफे आहेत. क्रूसआळी आणि चिंचआळी या शेजारशेजारच्या दोन वस्त्या. प्रत्येकीची आपली एक सामाईक विहीर. क्रूसआळीची समुद्राच्या अंगाला, चिंचआळीची थोडी आत. त्या भागात जमिनीखाली गोड्या पाण्याच्या तळाशी खारं पाणी दबून बसलेलं असतं. वरचं गोडं पाणी मोटरने बेताने घेतलं तर ते खालीच राहतं. जास्त उपसलं की वर येतं, आणि एकदा वर आलं की परत खाली जायचं सहसा नाव घेत नाही.

आसपासच्या एकदोन विहिरी तशा गेल्या होत्या. म्हणून दोन्ही आळ्यांनी मिळून एक पाणी समिती केली. क्रूसआळीचे बॅप्टिस्टकाका तिचे प्रमुख. त्यांची केळीची वाडी विहिरीला लागूनच होती आणि पाणी सगळ्यात जास्त तिलाच लागे. त्यांची मुलगी कॅरल शाळेत शिक्षिका होती. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती हातात एक छोटा मीटर घेऊन दोन्ही विहिरींवर जाई. बालटीभर पाणी काढायचं, मीटर बुडवायचा, आकडा लिहून घ्यायचा. एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार आहेत, ते तो मीटर सांगे. ते आकडे रोनाल्डकडे जात आणि रोनाल्ड त्यांचा आलेख काढी.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्याने पहिला कागद आणला आणि आळीतल्या क्रूसाशेजारच्या छोट्या हॉलमध्ये फळ्यावर लावला. मित्रांनो, तो कागद मला अजून आठवतो. दोन आलेख शेजारीशेजारी होते. डावीकडचा क्रूसआळीचा, म्हणजे मी. उजवीकडचा चिंचआळीचा. रोनाल्डने पेटीला एक आज्ञा मुद्दाम दिली होती : दोन्ही आलेखांचा उभा अक्ष एकच असू दे. त्यामुळे आम्ही दोघेही शून्यापासून दोन हजारांपर्यंत उभे होतो. मागे दर दोनशेवर जाळीची फिकी रेघ होती आणि हजारावर एक जाड लाल रेघ. हजाराच्या वर गेलं की केळ तग धरत नाही, असं त्याला एका कृषी अधिकाऱ्याने सांगितलं होतं.

त्या कागदावर सगळं खरं होतं. क्रूसआळीचं पाणी दोन महिन्यांत सहाशेवीसवरून साडेसातशेच्या पुढे गेलेलं दिसत होतं. चिंचआळीची रेघ तीनशेच्या आसपास, तळाशी, जवळजवळ आडवी.

चिंचआळीचे निकोलसकाका कागदासमोर उभे राहिले ते बराच वेळ हलले नाहीत.

"आमची रेघ अशी जमिनीवर लोळते," ते म्हणाले, "आणि यांची बघा, कमरेपर्यंत आली."

क्रूसआळीचं कोणीतरी मागून म्हणालं, "तुमच्या विहिरीत पाणीच गुडघाभर, रेघ काय करणार."

लोक हसले. निकोलसकाका हसले नाहीत.

"काका, खालीच असलेली बरी," कॅरल म्हणाली. "खाली म्हणजे पाणी गोड."

"ते तुला कळतं, मला कळतं. सणाला पाहुणे येतील त्यांना काय कळणार? म्हणतील, चिंचआळीचं काही खरं नाय."

हसू थांबलं. तुम्हाला हे पोरकट वाटेल. पण या दोन आळ्यांची एक जुनी रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. मे महिन्यात क्रूसाचा सण होतो. त्या दिवशी दोन्ही आळ्या आपापली मोठी मेणबत्ती आणतात. पेटवण्यापूर्वी दोन्ही मेणबत्त्या एकमेकींना लावून बघतात आणि जी उंच असेल ती सुरीने कापून दुसरीएवढी करतात. पूर्वी कधीतरी यावरून दोन वर्षं बोलणंचालणं बंद होतं म्हणे. तेव्हापासून कोणाची ज्योत कोणाहून वर नाही. ती सुरी बॅप्टिस्टकाकांच्या घरी असते. कापायचा मान त्यांच्याकडे, कारण ते दोन्ही बाजूंना चालतात.

त्या रविवारीही त्यांनीच मध्ये पडून मिटवलं.

"रोनाल्ड, दोघांना सारखं कर बाबा," ते म्हणाले. "मेणबत्त्या आपण सारख्या करतो, मग हे काय मोठं."

"काका, सारखं केलं तर फरक दिसणार नाही."

"फरक दिसायलाच नको. फरक दिसला की भांडण."

रोनाल्ड घरी गेला आणि त्याने एक ओळ पुसली. एकच. दोन्ही आलेखांचा उभा अक्ष एक ठेवा, ही ती ओळ. शून्य ते दोन हजार ही आज्ञाही तिच्याबरोबर गेली. मग पेटीने तिच्या सवयीप्रमाणे केलं. चिंचआळीच्या अक्षाला तिने तीनशेपाच ते तीनशेवीस एवढ्यात ताणलं आणि मला सहाशेवीस ते सातशेऐंशी एवढ्यात. आम्ही दोघे कागदावर अगदी सारख्या उंचीचे उभे राहिलो. दोघांची रेघ डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजव्या वरच्या कोपऱ्यात पोचली. त्याच्या डोक्यावरचा आकडा तीनशेवीस आणि माझ्या डोक्यावरचा सातशेऐंशी. पण डोक्याकडे कोण बघतो.

निकोलसकाका खूश झाले. त्यांनी कागदाच्या प्रती काढून घरोघर द्यायचं ठरवलं. झेरॉक्सच्या दुकानात जाळीच्या फिक्या रेघांची काळी जाळी झाली आणि त्यात मूळ रेघ हरवली. म्हणून जाळी काढून टाकली. हजारावरची लाल रेघ तर आता दोन्ही आलेखांच्या डोक्यावरून बाहेरच गेली होती, म्हणून तिची आज्ञाही काढून टाकली. मग समितीच्या सभासदांची नावं खाली छापायची ठरली. दोन्ही आळ्यांचे मिळून चौदा सभासद. नावांना जागा हवी, म्हणून माझ्या अंगावरचे आकडे बारीक केले. मधले काढूनच टाकले, आता पायाशी एक आणि डोक्याशी एक उरला.

मित्रांनो, यातली प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूने केलेली होती. कोणी काही लपवत नव्हतं. सगळ्यांना कागद आवडला. हॉलमध्ये त्याला प्लास्टिकचं वेष्टन घातलं गेलं. नाताळाला आलेल्या पाहुण्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. माझं आयुष्यात एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि त्या वेळी माझ्या अंगावरचा एकही आकडा दोन पावलांवरून वाचता येत नव्हता.

जानेवारीत कंपनीने रोनाल्डला पुण्याला पाठवलं. जाताना त्याने प्रोग्रॅम कॅरलच्या संगणकावर बसवून दिला. "नवे आकडे टाक आणि चालव," तो म्हणाला. "बाकी सगळं आपोआप होतं." तसंच होत राहिलं. कॅरल आकडे टाकी. पेटी मला नव्याने ताणी. जानेवारीत माझं डोकं नऊशेसत्तरवर होतं. फेब्रुवारीत साडेबाराशेवर. कागदावर मी तेवढाच उंच होतो, वीतभर. माझी रेघ त्याच कोपऱ्यातून निघून त्याच कोपऱ्यात जात होती. शेजारी चिंचआळीची रेघ उन्हाळ्यात वाढायची तशी दहा-पंधराने वाढत होती आणि तीही कोपऱ्यातून कोपऱ्यात जात होती. दोन बहिणी एका जिन्याने चढताना दिसाव्या तशा त्या दिसत. एकीच्या जिन्याची पायरी बोटभर होती आणि दुसरीची पुरुषभर, हे कागदावर कुठेच दिसत नव्हतं.

अक्षाला आवाज नसतो. आकडे असतात, तेवढेच.

मार्चमध्ये वाडीतल्या केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी एक पिवळी किनार, मग तपकिरी, मग कड कागदासारखी तुटायची. बॅप्टिस्टकाका म्हणाले ऊन आहे; पाण्याची चव हळूहळू बदलत गेल्याने जिभेलाही वेगळं जाणवत नव्हतं. कॅरलला ते पटलं नाही. तिने वडिलांच्या मागे लागून समितीची बैठक बोलावली. प्रश्न एकच होता : क्रूसआळीची मोटर पाऊस लागेपर्यंत बंद ठेवायची का. तेवढे दिवस चिंचआळीच्या विहिरीतून नळी टाकून वाडीपुरतं पाणी आणता आलं असतं. उपसा थांबला असता तर खालचं खारं पाणी कदाचित तिथेच थांबलं असतं. त्या दिवशी वेळ होती, मित्रांनो.

निकोलसकाका आढेवेढे न घेता म्हणाले, "टाका नळी. पाणी काय मी पुरून ठेवणार आहे?"

बॅप्टिस्टकाकांनी फळ्यावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "थांब. आधी हे बघ. माझी चढते, तशी तुझीही चढते. चढते का नाय?"

"चढते."

"मग तू मोटर बंद करणार?"

"मी कशाला करू? माझ्या केळी बऱ्या आहेत."

"मग मी का करू? उन्हाळ्यात सगळ्यांचीच चढते. पावसात उतरेल. उगाच दुसऱ्याच्या दारी बालटी घेऊन उभं राहायचं."

"पप्पा, आकडे बघा ना," कॅरल म्हणाली. "आपला सोळाशे आहे. त्यांचा तीनशेपन्नास."

"कुठे आहे सोळाशे? मला नाय दिसत. चष्मा घरी राहिला."

"वर, कोपऱ्यात. बारीक आहे."

"सोळाशे म्हणजे काय ते तरी सांग. चांगलं का वाईट?"

"हजाराच्या वर केळीला चालत नाही. रोनाल्ड म्हणाला होता."

"हे चित्र कोणी काढलं? रोनाल्डनेच ना? मग दाखव मला यात हजार कुठे आहे ते."

कॅरल फळ्याकडे गेली. ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचं बोट माझ्या पायापासून वर सरकलं, अर्ध्यावर थांबलं, परत खाली आलं. मध्ये एकही आकडा नव्हता. मागे एकही रेघ नव्हती. जिथे हजार होता तिथे पांढरा कागद होता.

"सापडला का?" मागून कोणीतरी विचारलं. "नाहीतर मीटरचे सेल बदल एकदा."

ती जागेवर जाऊन बसली. मोटर चालू ठेवायची ठरली. बैठक संपली तेव्हा निकोलसकाका बॅप्टिस्टकाकांना म्हणाले, "नळीचं लक्षात ठेव, कधीही सांग." दोघे बोलत बोलत बाहेर गेले. एकमेकांचा मान राखून झालेली ती बैठक होती.

मे महिन्यात सण आला. मंडपाच्या दाराला केळीचे दोन खांब लावायची रीत आहे आणि ते बॅप्टिस्टकाकांच्या वाडीतून येतात. त्या वर्षी खांब आले तेव्हा पानांना चार बोटं करपलेली कड होती. कॅरल आणि तिची आई सकाळपासून कात्री घेऊन बसल्या. करपलेला भाग पानाच्या आकाराने गोलाईत कापून टाकला. लांबून पानं हिरवीगार दिसत होती, जरा अरुंद एवढंच. बॅप्टिस्टकाकांनी सुरी काढली, दोन मेणबत्त्या जोडून धरल्या, एक कापली. ज्योती अगदी सारख्या उंचीवर जळल्या. मी फळ्यावरून ते सगळं पाहत होतो. माझ्या डोक्यावर त्या दिवशी अठराशेचाळीस होतं.

पाऊस भरपूर झाला. चिंचआळीचं पाणी जुलैपर्यंत तीनशेवर उतरलं. क्रूसआळीचं सतराशेच्या खाली आलं नाही.

ऑगस्टमध्ये रोनाल्ड पुण्याहून परतला. घरी जाण्याआधी तो वाडीवरून गेला. आई-केळी काळ्या पडून आडव्या झाल्या होत्या आणि त्यांच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांची पहिली पानं उलगडायच्या आधीच कडेने जळत होती. तो थेट कॅरलकडे आला, संगणक लावला आणि पुसलेली ओळ परत लिहिली. शून्य ते दोन हजार. एकच उभा अक्ष. दर दोनशेला जाळी. हजारावर लाल रेघ. कागद बाहेर आला तेव्हा बॅप्टिस्टकाका दारात उभे होते.

या वेळी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. त्यांनी कागद टेबलावर पसरला. जन्मल्यापासून मला कोणी एवढं नीट वाचलं नव्हतं. शून्य. दोनशे. चारशे. हजारावर आल्यावर त्यांनी बोट लाल रेघेवरून उजवीकडे नेलं आणि आपली रेघ तिला कुठे ओलांडते ते शोधलं. जानेवारीचा शेवट. बैठकीच्या कितीतरी आधी. मग त्यांनी शेजारच्या आलेखात बघितलं. चिंचआळीची रेघ तळाशी लोळत होती, अगदी पहिल्या दिवसासारखी.

"हे असं आधी का नाय दाखवलंस?" त्यांनी विचारलं.

रोनाल्डने संगणकाकडे तोंड वळवलं.

"मी तुला विचारतो. हे आधी का नाय दाखवलंस?"

"दाखवलं होतं, काका. डिसेंबरात. पहिला कागद हाच होता."

बॅप्टिस्टकाका खुर्चीवर बसले. कॅरल पाणी आणायला उठली आणि मध्येच थांबली, कारण घरात माठ क्रूसआळीच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला होता.

त्यानंतर मोटर बंद झाली. नळी आली. निकोलसकाकांनी स्वतः उभं राहून ती टाकून घेतली. ते पाणी स्वयंपाकाला पुरतं, वाडीला पुरत नाही. केळी उपटून टाकल्या. नारळ अजून उभे आहेत, पण फळ लहान धरतात. बॅप्टिस्टकाका सकाळी सवयीने वाडीत जातात आणि काही काम नसल्यामुळे परत येतात. विहीर बुजवलेली नाही. ती काठोकाठ भरलेली आहे. पाणी इतकं स्वच्छ आहे की तळाचा दगड दिसतो. वाटसरू अजूनही थांबून म्हणतात, काय छान पाणी आहे.

दुसऱ्या वर्षीच्या सणाला केळीचे खांब चिंचआळीतून आले. दोन्ही. पानं रुंद होती, कात्री लागली नाही. मेणबत्त्या बॅप्टिस्टकाकांच्या हातात दिल्या गेल्या. त्यांनी त्या जोडून बघितल्या, क्रूसआळीची बोटभर उंच होती. ती त्यांनी कापली आणि कापलेला तुकडा खिशात घातला. मग घरी गेले. ज्योती पेटताना बघायला ते थांबले नाहीत.

मित्रांनो, मी आता त्याच हॉलमध्ये त्याच फळ्यावर आहे, रोनाल्डने ऑगस्टमध्ये काढलेल्या कागदावर. वेष्टन पिवळं पडलं आहे. कॅरल अजून दर रविवारी मीटर बुडवते, पण नवा कागद काढत नाही, आकडा माझ्या कडेला पेन्सिलीने लिहिते. मागच्या वेळी तिला माझ्या डोक्याच्या वर लिहावं लागलं, कारण दोन हजारांवर मी संपतो. शेजारी चिंचआळीची रेघ अजून खाली लोळते आहे. तिला आता कोणी हसत नाही.

तुम्ही पुढे पुष्कळ आलेख बघाल. काढालही. रेघेकडे बघण्याआधी माझ्याकडे बघा. मी कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते वाचा. शेजारी दुसरा आलेख असेल तर त्याचा अक्ष माझ्याएवढाच आहे का, ते विचारा. नसेल तर एकाच मापाने पुन्हा काढायला सांगा, कोणाला वाईट वाटलं तरी. मेणबत्त्या कापून सारख्या करता येतात. पाणी करता येत नाही.